वहिनीची झिलई

विश्रामबागेत दादाच्या घराचा जिना चढताना बादलीत फिरणाऱ्या लाकडी डावाचा जड, ओला आवाज येतो आणि वहिनी दिसण्याआधीच मला तिचा राग येतो. वैशाखाच्या पांढऱ्या उन्हात, गॅलरीत बसून ती हातानं घडवलेल्या भांड्यांना झिलई, भट्टीत काचेसारखा होणारा पांढरा लेप, देत असते. पदर खोचलेला, ओठ मिटलेले, हात कोपरापर्यंत पांढरे. भांडं बुडवताना तिचं मनगट इतक्या डौलानं वळतं, की क्षणभर बघत राहावंसं वाटतं. त्याचा तर अधिकच संताप होतो.

खडबडीत काही तिला सोसवतच नाही. आईच्या तेराव्याला रडणाऱ्या मावशीलाही तिनं आधी तोंड धुऊन यायला सांगितलं होतं.

आपल्या शेवटच्या हिवाळ्यात आई वहिनीशेजारी बसून मातीचे वाडगे करायची, चाकाविना, नुसत्या बोटांनी. ऊसतोडीत कोयत्यानं चिरलेला तिचा अंगठा मातीत खोल उमटायचा. वाडगा डुगडुगू नये म्हणून अखेरीस तळालाही ती तोच दाबायची. आई गेली तेव्हा ते वाडगे एकदा भाजून, झिलईविना तसेच पडले होते.

"वहिनी, यांना झिलई देऊ नका. आईची बोटं राहू द्या," मी हात जोडून सांगितलं होतं.

पाडव्याला गेले, तर कपाटात वाडगे सायीसारखे पांढरे, गुळगुळीत. बोटाचा एक वळ दिसेना.

"आवं वन्सं, कच्चं भांडं पानी पितंय. काय कामाचं ते? आता बगा, लय देखनं झालंय."

"आईला बुजवलंस तू!" आजवर अहो-जाहो केलेल्या वहिनीशी मी एकेरीवर आले.

एक वाडगा उचलला, उलटा केला. तळ कोरा होता. तिथं झिलई राहिली तर भट्टीत भांडं फरशीला चिकटून बसतं, म्हणून वहिनी प्रत्येक तळ ओल्या स्पंजानं पुसून घेते. उघड्या तांबूस मातीत आईचा अंगठा होता, चिरेसकट.

तो वाडगा मी न विचारता पिशवीत घातला. दादाकडे अजून जाते. वहिनीशी बोलत नाही, बोलावंसं वाटतही नाही.

माझ्याकडे तो पालथाच असतो. काळ माणसावर थर चढवत जातो, चेहरा, आवाज, सगळं हळूहळू गुळगुळीत होतं. पण त्या खळग्यात माझा अंगठा थोडा सैल बसतो, आणि आईची उणीव तेवढीच, नेमक्या त्या मापाची, रोज हाताला लागते.