मंद आचेवरचा लाल रंग

मी एक जुना टोप आहे. डोक्यावर घालायचा नव्हे, शेगडीवर चढवायचा! माझ्या पोटाला दोन पोचे आहेत आणि आतून मी कायमचा लालसर झालो आहे. त्या लालीची हकिगत आज सांगतो, मित्रांनो.

कारखान्यातल्या यंत्राने स्टीलच्या पत्र्यातून मला घडवले आणि मी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रुजू झालो. तिथे वर्षानुवर्षे मी दूध तापवले. "हा टोप दूध कधी लागू देत नाही," असे आचारी कौतुकाने सांगायचा. पुढे नवा आचारी आला. त्याला नवी भांडी हवी होती. मी अंगणात पालथा पडलो. एक मांजर माझ्यावर झोपायचे, तेवढाच काय तो माझा उपयोग.

वसतिगृहातल्या मुलींचे कपडे एक शिंपीण शिवायची. सगळे तिला ताई म्हणत. दिवसभर ती काळ्या-करड्या कापडाला टिपा घाली आणि घरी गेली की हौसेने चरख्यावर लोकर काती. एकदा तिने मला टिचकी मारून पाहिली. "हा नेऊ का? लोकर रंगवायला हवाय." मांजराखेरीज कोणाचीच हरकत नव्हती.

मला पाहताच ताईच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आधीच ओल्या लोकरीचा वास! घर आहे की मेंढवाडा?"

"आई, रंगाचा टोप स्वयंपाकघरात आणणार नाही," ताईने शब्द दिला.

मागच्या अंगणात माझी शेगडी मांडली गेली. कांद्याच्या सालींच्या पाण्यातून पहिली पिवळीधमक लडी वर आली, तेव्हा ताईने टाळ्याच वाजवल्या. हळूहळू शेजारणी लड्या मागून नेऊ लागल्या. मग लोकरीच्या दुकानाची मालकीण आली. "आमच्या गाण्याच्या मंडळातल्या बायकांना शाली विणायच्यात. त्यासाठी सगळी लोकर एकसारखी लाल हवी. जमेल?"

ताईने शिवणकाम कमी केले आणि ती कातायला बसली. "हे जमलं, तर हाच माझा धंदा," ती सासूबाईंना म्हणाली.

पण रंगवायच्या दिवशी तिला धीर निघेना. तिने आच मोठी केली आणि भराभर ढवळले. उकळत्या पाण्यात लोकर आटली, धागे एकमेकांत रुतले आणि सगळ्या लड्यांचा एकच गच्च गोळा झाला. ताईने हातातली काठी टाकून दिली. "संपलं. आता जन्मभर टिपाच घालते."

सासूबाई बाहेर आल्या. मला वाटले, आता बोलणी बसणार. त्यांनी निवलेला गोळा उचलून उजेडात धरला. "रंग मात्र झकास आलाय गं. दुकानात जा, खरं काय झालं ते सांग आणि मुदत माग. कातायला मी बसते."

"तुम्हाला येतं?"

"तू शिवायला गेलीस की चरखा काय रिकामा बसतो होय?"

ताईला याचा पत्ताच नव्हता. मला मात्र केव्हापासून ठाऊक होते!

मुदत मिळाली. दोघी आळीपाळीने कातू लागल्या. पुन्हा रंगवताना सासूबाई माझ्याशेजारी पहाऱ्याला उभ्या. "हात मागे! ढवळायचं नाही. आच बारीकच राहू दे." मी पोटात ऊब धरून बसलो. लड्या बाहेर आल्या त्या अशा, की एक झाकावी आणि दुसरी काढावी.

शाली विणून झाल्यावर मंडळातल्या बायका त्या पांघरून आमच्या अंगणात आल्या आणि माझ्याभोवती उभ्या राहून गायल्या. दूध तापवून असा मान कुठला मिळायला!

आता पुढच्या खोलीत ताईचे लोकरीचे दुकान आहे. गल्ल्यावर सासूबाई बसतात आणि लोकरीचा वास कसा छान असतो, हे गिऱ्हाइकांना पटवतात.

मित्रांनो, तुमच्याही मनात एखादी आवड असेल. तिला जपा, पण उतावळेपणाने तिची आच मोठी करू नका. आणि घरात कोणी रागावणारे माणूस असेल, तर त्यालाही जवळ बसवा.

बरे, आता थांबतो. माझ्यात हिरवा रंग शिजतोय. ताई म्हणते शेवाळी, सासूबाई म्हणतात पोपटी. दोघीही वाकून बघताहेत आणि मला हसू आवरत नाही.