अंबिकेचं वकीलपत्र

रत्नमालाबाई खरातांना वाचन मंडळातून बाहेर पडायचं होतं आणि पडता येत नव्हतं. तिथं त्यांना कोणी धरून ठेवलं होतं असं नाही. उलट सगळे त्यांच्याशी इतके चांगले वागत की बाई त्या चांगुलपणातच अडकून पडल्या होत्या. कोणी अपमान केला तर माणूस उठून जाऊ शकतो. मान देणाऱ्यांसमोरून उठायचं तरी कसं?

छावणीच्या बाजारामागं एक जुनं वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता हे मंडळ भरायचं. दहा-बारा माणसं, बहुतेक निवृत्त. एका महिन्यात एक जुनी, नावाजलेली कादंबरी वाचायची आणि मग तिच्यावर बोलायचं. मंडळ चालवायचे बद्रीनाथ सर. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, सज्जन, टापटिपीचे, आणि स्वतःच्या सज्जनपणावर बेहद्द खूश असलेले.

सरांनी मंडळाला एक शिस्त लावून दिली होती. कादंबरीतलं एकेक पात्र एकेकाला वाटून द्यायचं. त्याला ते 'वकीलपत्र' म्हणत. ज्याच्याकडे ज्याचं वकीलपत्र, त्यानं त्याच पात्राची बाजू मांडायची, दुसऱ्याच्या पात्रात तोंड घालायचं नाही. सहा वाजता चहा आला की खटला संपला. ऐकायला गंमत वाटते, आणि पहिल्या महिन्यात रत्नमालाबाईंनाही वाटली होती.

पहिल्या महिन्यात त्यांच्या वाट्याला झाडूवाली आली. दुसऱ्या महिन्यात सुईण. मग हलगीवाला, मग गावकुसाबाहेरचा म्हातारा, मग पुन्हा एक झाडूवाली. "रत्नमालाताई, हिला न्याय तुम्हीच देऊ शकता," असं सर दर वेळी म्हणायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. येणाऱ्या प्रत्येकाला सर 'नमस्कार' म्हणत, फक्त रत्नमालाबाईंना हात उंचावून, खणखणीत आवाजात 'जय भीम' घालत. बाईंच्या घरी तो शब्द जन्मापासूनचा. आई सकाळी पाणी भरताना शेजारणीला सहज घालायची. सरांच्या तोंडून तो आला की मात्र सगळी खोली वळून बघायची.

आता जुन्या कादंबऱ्यांत असल्या पात्रांना जागा असते ती किती? गेल्या खेपेच्या कादंबरीत लाकडाची मोळी घेऊन एक बाई आली आणि अडीच ओळींत गेली. त्या अडीच ओळींवर रत्नमालाबाई पंधरा मिनिटं बोलल्या. चौतीस वर्षं झेडपीच्या शाळेत काढलेल्या, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका, त्यामुळे बोलायला त्या घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यांनी पुस्तक आदळलं आणि मग उचलून, पान मुडपलं होतं ते सरळ केलं.

बरं, चिडून काही बोलावं, तर 'बघा, यांचा राग अजून गेलेला नाही' म्हणून सगळे समजूतदार चेहरे करणार. गप्प बसावं तर पुढच्या महिन्यात पुन्हा मोळीवाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एकदा त्यांनी गुडघे दुखतात, जिना चढवत नाही असं सांगून पाहिलं. तर मंडळानं त्यांच्यासाठी खास गादीची खुर्ची आणली आणि सायली नावाच्या तरुण प्राध्यापिकेला स्कूटर घेऊन क्रांती चौकात त्यांच्या घरी धाडलं. मुलगा अभय पुण्यातून फोनवर म्हणाला, "आई, किती छान लोक आहेत गं!"

खरं सांगायचं तर त्या सोडून जात नव्हत्या त्याला दुसरंही कारण होतं. या महिन्याची कादंबरी.

सव्वाचारशे पानी, शंभर वर्षांपूर्वीची. तिची नायिका अंबिका. सतराव्या प्रकरणात ही अंबिका सगळं ठरवून, कोणाला न सांगता, आपल्या माणसाच्या दाराशी जाते. तो आत तिची वाट बघत असतो. ती कडीला हात लावते, आणि कडी न वाजवता परत फिरते. का फिरली ते लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. पुढं तिचं लग्न होतं, मुलंबाळं होतात, घर नीट चालतं.

ते प्रकरण वाचून रत्नमालाबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. कारण पंचविसाव्या वर्षी त्याही एक दिवस, कोणाला न सांगता, कन्नड गावाला जाणाऱ्या एसटीत बसल्या होत्या. तिकडे शिवशंकर नावाचा मास्तर त्यांची वाट बघत होता. जात वेगळी, त्याच्या घरून विरोध, पण तो ठाम होता. नोंदणी लग्नाचे कागदही त्यानं तयार ठेवले होते. कंडक्टरनं घंटी मारायच्या आधी रत्नमाला गाडीतून उतरली. कोणी अडवलं नव्हतं, कोणी पाहिलंही नव्हतं. पुढं राजकुमार खरातांशी लग्न झालं. भला माणूस. चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्याबरोबर त्या सुखानं नांदल्या, यात खोटं काही नाही. पण आपण त्या गाडीतून का उतरलो, हे त्यांना अजून कळलं नव्हतं, आणि ते विचारायला जगात माणूस नव्हतं. मुलाला विचारणार? बहिणीला? आता अंबिकेच्या नावानं मात्र विचारता आलं असतं. भरल्या खोलीत, चारचौघांत, उजळ माथ्यानं विचारता आलं असतं की बाई परत का फिरते, आणि दहा माणसांनी दहा उत्तरं दिली असती.

त्यासाठी अंबिकेचं वकीलपत्र हवं होतं. आणि नायिका दर महिन्याला सायलीकडे जायची.

त्या रविवारी रत्नमालाबाई एकट्याच रिक्षानं आल्या. सायली मैत्रिणीच्या लग्नाला जालन्याला गेली होती. जिन्यात त्यांना एक नवीन माणूस भेटला. साठीचा, पांढरा शर्ट, हातात त्याच कादंबरीची जुनी प्रत, आणि तिच्यात कागदाच्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या खोचलेल्या.

"हितंच भरतंय का मंडळ?" त्यानं विचारलं.

"हो, वर. पहिल्यांदाच आलात?"

"व्हय. मी त्रिंबक. गंगापूरहून येतो. झेडपीत जीपवर ड्रायव्हर होतो. साहेब आत मिटिंगमंदी, आन् आम्ही भाईर गाडीत. वाचल्याशिवाय करणार काय? तीस वर्षं वाचलं बघा." मग जरा हसून म्हणाले, "आमचा आजा मेंढरं राखायचा. त्याचा नातू वाचन मंडळात आला म्हणल्यावर त्याला हसूच आलं असतं."

"मीही झेडपीतलीच. मास्तरीण," रत्नमालाबाई म्हणाल्या. त्यांना फार बरं वाटलं. या खोलीत आपल्याला कोणी सोबतीला मिळेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी त्रिंबकरावांना आपल्या शेजारची खुर्ची दिली.

सरांनी सगळ्यांना नमस्कार आणि एक 'जय भीम' घातला, नव्या सभासदाचं स्वागत केलं आणि वाटपाला सुरुवात केली. अंबिकेचा नवरा, सासू, दिवाणजी, सगळे पटापट गेले. "दाई अर्थातच रत्नमालाताई." त्यांनी वहीत खूण केली आणि मान वर केली. "आणि आज सायली नाही. अंबिका कोण घेतं?"

जो तो आपली वही चाळायला लागला. नायिकेवर बोलायचं म्हणजे तयारी लागते. रत्नमालाबाईंनी सतरावं प्रकरण उघडलं. एवढ्यात त्यांना दिसलं की शेजारी त्रिंबकरावांचा हात गुडघ्यावरून उचलला जातो आहे. हळू, शाळेतल्या नवीन पोरासारखा, वर करू की नको असा.

आणि मग बाईंनी जे केलं ते त्यांनी ठरवून केलं नव्हतं. पण केलं त्यांनीच.

"मी घेते अंबिका!" त्या जवळजवळ ओरडल्याच. आणि सरांच्या कपाळाला आठी पडायच्या आत घाईघाईनं पुढं म्हणाल्या, "आणि सर, तो सतराव्या प्रकरणातला धनगर आहे ना, टेकडीवरून बघणारा, तो त्रिंबकरावांना द्या. त्यांच्या घरातलंच आहे ते. त्याला न्याय तेच देतील."

खोलीत आनंदाची लाट उसळली. सर तर उभेच राहिले. "वा! वा रत्नमालाताई! याला म्हणतात दृष्टी. त्रिंबकराव, मग सुरुवात तुमच्यापासूनच करू."

त्रिंबकरावांचा हात अर्ध्यावर होता तो खाली आला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर परवडलं असतं. राग नव्हता. काहीतरी ओळखीचं पाहिल्यासारखं त्यांनी पाहिलं आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. वर्षभर ज्या वाक्यानं आपला जीव नकोसा केला, तेच वाक्य आपल्या तोंडात आयतं तयार होतं, याची रत्नमालाबाईंना शरम वाटली. मास्तरकीत चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि स्वतः शिकल्या त्या हे!

त्रिंबकराव बोलायला लागले. कादंबरीत तो धनगर अर्धं पान होता. पण त्रिंबकरावांनी मेंढरं वाऱ्याकडं पाठ करून कशी बसतात ते सांगितलं, मेंढ्या मोजायची तऱ्हा सांगितली, रात्री कुत्रं कुठल्या अंगाला झोपतं तेही सांगितलं. लोक वह्या काढून लिहून घ्यायला लागले. एकानं विचारलं, घोंगडीला वास येतो का. एका बाईंनी विचारलं, मेंढरं माणसाला ओळखतात का हो. सरांनी स्वतः तीन प्रश्न विचारले. रत्नमालाबाई घड्याळाकडे बघत होत्या. पाच झाले, सव्वापाच झाले. मग सासूची बाजू झाली, नवऱ्याची झाली, दिवाणजींची तर फारच लांबली. दर खेपेला त्या पुढं सरकून बसायच्या आणि दर खेपेला सर बोटानं 'थांबा, थांबा, तुमचं शेवटी' अशी खूण करायचे.

सहाला पाच मिनिटं होती तेव्हा जिन्यात कपांचा आवाज आला.

"अंबिका आज राहिली," सर प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. "हरकत नाही, नायिका घाईत उरकू नये. पुढच्या महिन्यात सायली येईलच, ती घेईल. आज खरी मेजवानी धनगरानं दिली! रत्नमालाताई, हे श्रेय तुमचं. यापुढं वाटपात तुम्ही माझ्या शेजारीच बसत जा. कोणाला काय शोभतं ते तुम्हाला बरोबर कळतं."

टाळ्या पडल्या. रत्नमालाबाईंनी हात जोडले. दुसरं काय करणार होत्या?

चहा न घेता त्या खाली उतरल्या, तर रस्त्याच्या कडेला त्रिंबकराव उभे. नगर नाक्याकडं जाणाऱ्या रिक्षाची वाट बघत होते. तिथून गंगापूरची जीप मिळते. तोंड चुकवून जावं असं बाईंना वाटलं, पण पाय तिकडेच वळले.

"त्रिंबकराव, माझं चुकलं. मी तसं म्हणायला नको होतं."

"जाऊ द्या वो ताई. तुमची काय चूक. तुम्हालाबी तिथून सुटायचं व्हतं." मग ते एकाएकी हसले. "पन एक सांगतो, कुनाला सांगू नका. म्या जल्मात मेंढरू राखलं नाय. बाप वीज खात्यात, मी जीपवर. त्यो धनगर तर मी धड वाचलाबी नव्हता. समदं मनचंच सांगितलं. आन् त्यांनी लिहून घेतलं की!"

बाईंनाही हसू आलं. पण त्यांची नजर त्रिंबकरावांच्या हातातल्या पुस्तकावर होती. सगळ्या चिठ्ठ्या एकाच ठिकाणी दाटीनं खोचलेल्या होत्या, पुस्तकाच्या मध्याच्या जरा पुढं.

"मग तुम्हाला कशावर बोलायचं होतं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच त्यांना ते कळलं.

"त्याच बाईवर. सतरावं प्रकरण." त्रिंबकरावांनी पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "त्यो मानूस आत बसलेला असतो बघा, दाराकडं डोळे लावून. तसा मी बसलो व्हतो एकदा. लग्नाच्या आदी. खुलताबादला, भाड्याच्या खोलीत. ती गल्लीपर्यंत आलती, हे मला मागनं कळलं. आली आन् माघारी गेली. आता माझी नातवंडं शाळेत जातात, तक्रार काय नाय. पन का गेली असंल, येवढं कुन्या बाईमानसाच्या तोंडून एकदा ऐकायचं व्हतं. घरात इचारता येतंय का असलं? म्हणलं, पुस्तकाच्या निमित्तानं इचारू. त्याच्यासाठीच आलतो गंगापूरहून."

वर मंडळाच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. रिक्षा येऊन थांबली. आत दोन माणसं बसलेली, एक जागा मोकळी.

त्रिंबकराव रिक्षाच्या दांडीला हात लावून वळले. "तुमच्याकडं व्हती की अंबिका. काय सांगनार व्हता तुम्ही? का फिरली ती?"

ज्या प्रश्नाची बाईंनी अर्धं आयुष्य वाट पाहिली, तो समोर येऊन उभा होता. विचारणाराही असा की त्याच्याइतकं नीट ऐकून घेणारं दुसरं कोणी त्यांना या जन्मात मिळालं नसतं. 'मी गाडीतून उतरले होते' एवढंच म्हणायचं होतं. रत्नमालाबाईंनी तोंड उघडलं. रिक्षातली दोन माणसं बघत होती. रिक्षावाला म्हणाला, "चलो चाचा, देर हो रही."

"माझी... तितकी तयारी झाली नव्हती," रत्नमालाबाई म्हणाल्या.

पंचविसाव्या वर्षापासून हाच एक प्रश्न उराशी धरून बसलेली बाई असं म्हणाली! त्रिंबकरावांनी मान हलवली, जणू त्यांना हेही अपेक्षितच होतं. "अवघडच हाय ते," ते म्हणाले आणि आत बसले.

"पुढच्या महिन्यात याल ना?" बाईंनी विचारलं.

"आता कशाला?" त्रिंबकराव म्हणाले. रिक्षा बाजाराच्या गर्दीतून नगर नाक्याकडं गेली, आणि रत्नमालाबाई गुडघा धरून तिथल्याच पायरीवर खाली बसल्या.