गणवेशातलं बाळ

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बाळं तीन किलोच्या खाली जन्मत नाहीत. तशी पद्धतच आहे. मागचा नाला ओलांडला की वजन निम्म्यावर येतं. आमचे वॉचमन नागोराव नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे, म्हणून त्यांची मुलगी दीड किलोची झाली. बायको तापानं सरकारी दवाखान्यात पडलेली. तिथल्या काचेच्या पेट्या भरलेल्या. डॉक्टर म्हणाले, थंडी आहे, हिला कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ठेवा, नाहीतर जगायची नाही.

नागोराव वाशिमकडचे. पुण्यात त्यांच्याकडे छाती एकच, आणि तिच्यावर आमचा गणवेश. सुट्टी मागावी तर एजन्सी दुसरा माणूस पाठवणार. त्यांनी मुलीला शर्टाच्या आत फडक्यानं बांधलं आणि फाटकावर उभे राहिले.

"अहो, गणवेशाला बटणं असतात," सेक्रेटरी दत्तप्रसाद म्हणाले.

"साहेब, पोरगी हाये आत. डॉक्टरनं सांगतलं, बाप चालते."

"चालत असेल. आम्ही पगार वॉचमनला देतो."

मीटिंग झाली. आयटीतल्या तेजसनं मुद्दा काढला, मुलीला पाहुणी धरायचं की स्टाफ? पाहुण्यांना रात्री दहानंतर परवानगी नाही. बऱ्याच चर्चेनंतर तिला गणवेशाचा भाग मानण्यात आलं. फक्त रविवार सोडून. रविवारी सोसायटीतल्याच भाग्यश्रीच्या बाळाचं बारसं होतं, तिच्या नवऱ्याच्या कंपनीचा अमेरिकन साहेब येणार होता.

"दोनच तास मीटररूममध्ये ठेवा," दत्तप्रसाद म्हणाले. "पंपामुळे ऊब असते तिथं. गोधडी मी देतो."

दिली. नातवाची, धुतलेली.

रविवारी नागोरावांनी सगळी बटणं लावून सलाम ठोकले. साहेब ट्रॅफिकमध्ये अडकला, दोनाचे चार तास झाले. पाहुण्यांना घरघर नको म्हणून पंप सकाळीच बंद केला होता. ती सूचनाही दत्तप्रसादांचीच.

नागोराव मीटररूममध्ये गेले तेव्हा गोधडी जागच्या जागी होती. आतली मुलगी गार पडली होती. हलवली, हलली नाही. त्यांनी तिला शर्टात बांधलं आणि फाटकावर येऊन उभे राहिले, हात आत घालून तिची पाठ चोळत.

भाग्यश्री घुगऱ्यांचा द्रोण घेऊन आली. "झोपली का हो?"

"हो ताई."

"नाव काय ठेवलंत?"

"तिच्या मायले येऊ द्या म्हटलं."

दत्तप्रसाद साहेबाला गाडीपर्यंत पोचवून परतले. शर्टाकडे बघून थांबले.

"राहू दे हो आता," ते मोठ्या मनानं म्हणाले. "पाहुणे गेले."