मऊ बर्फ

गुणवंत आठल्येने खाऱ्या पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं आणि मान झटकन बाजूला वळवली. डोळ्यांत पाणी आलं. वास नाकात घुसला तो थेट टाळूपर्यंत. खिशातून त्याने लाल लिटमसचा कागद काढला, पाण्यात बुडवला आणि उजेडाकडे धरला. कागद निळा झाला होता, आणि तोही ताबडतोब.

मागे हमीद उभा होता. कासारगोडचा माणूस, मशीनरूममध्ये गुणवंतच्या हाताखाली सहा-सात वर्षं काढलेला. त्याने कागद पाहिला आणि हिंदीत एवढंच विचारलं, साब, किती दिवस चालेल? चालेल तोवर चालेल, असं गुणवंत म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराचा त्याला राग आला.

वाळवंटात बर्फ करायचा म्हणजे भानगडीचं काम. मशीनरूममधला अमोनिया खारं पाणी थंड करतो, ते पाणी फरशीखालच्या पाइपांतून फिरतं आणि फरशीवर बर्फ धरतो. अमोनिया आपल्या नळ्यांत, पाणी आपल्या पाइपांत. दोघांची गाठ पडता कामा नये. पाणी थंड करणाऱ्या चिलरमधली कुठली तरी नळी आतून खाल्ली गेली होती आणि गाठ पडली होती. आता पाणी जाईल तिथे हा विषारी अमोनियाही जाणार. आणि ते सगळे पाइप एकत्र येत होते एका चरात. चरावर फळ्या, फळ्यांवर बाकं, आणि त्या बाकांवर बसून पोरं स्केट्स चढवायची. एखादा जोड सुटला तर तो तिथेच सुटणार होता. मोठ्या माणसाला पळायला तरी सुचेल. पायात स्केट्स बांधलेलं पोर कुठे पळणार?

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या जानेवारीतली. रिंक दुबईत, शारजाच्या वेशीजवळ. मालक स्थानिक अरब; सगळे त्यांना अरबाब म्हणत. हौस दांडगी. त्यांनी कॅनडा, फिनलंड, स्लोव्हाकिया असे कुठून कुठून पगारी खेळाडू आणून आइस हॉकीची टीम उभी केली होती. नाव ठेवलं होतं शमाल, उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याचं. आखातातल्या सहा संघांची लीग; पहिले चार प्लेऑफला जाणार, उरलेले घरी.

त्याच दिवशी गुणवंत जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. रुपेश वालावलकर मूळचे दादरचे, बोलायला गोड, चहा पाजल्याशिवाय माणसाला उठू देत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिलर बदलायचा तर बर्फ वितळवावा लागणार, दोन-तीन आठवडे रिंक बंद, हे ऐकल्यावर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. शमाल चौथ्या नंबरवर होती. घरच्या मॅचेस सोडल्या की प्लेऑफ गेलं, आणि प्लेऑफ गेलं की अरबाब आपल्याला सोडणार नाहीत.

"सीझन संपू दे, आठल्ये," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मशीन तुमचं. माझा शब्द."

गुणवंत शब्द घेऊन खाली आला. आणि तेव्हापासून त्याच्या मनात ती चोरटी गोष्ट शिरली. टीम प्लेऑफला गेली तर सीझन एप्रिल उलटेपर्यंत लांबणार. नाही गेली तर मार्चच्या मध्यावर खलास. मग टीम न गेलेलीच बरी, नाही का?

झालं. अख्खी इमारत एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. तिकीट खिडकीवरची शहनाझ हातातलं काम सोडून गोल मोजायची, हमीद जुम्म्याच्या नमाजात टीमसाठी दुवा मागायचा, आणि गुणवंत आपला शमालवर गोल झाला की हळूच श्वास सोडायचा. फेब्रुवारीत गोलकीपरचा गुडघा दुखावला. सगळे हळहळले. गुणवंतने त्याला भेटायला जाताना सफरचंदं नेली, आणि तिथे बसल्या बसल्या आता किती मॅचेस हरतील याचा अंदाज बांधला. स्वतःची त्याला किळस आली.

घरी तर तोंड लपवायला जागा नव्हती. अल कुसैसमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याच्या लेकीने, ईश्वरीने, यारी नावाच्या फिनिश खेळाडूची मोडकी स्टिक पलंगाशी टेकवून ठेवली होती. वय दहा. दर शुक्रवारी सकाळी ती रिंकवर स्केटिंग शिकायची. गुणवंत तो तासभर त्या बाकांपाशी उभा राहायचा, नाक उघडं ठेवून, एक डोळा मागच्या दरवाजावर ठेवून. बायको सुलक्षणा कौतुकाने म्हणायची, बाप असावा तर असा. लिटमस रोज सकाळी निळा होत होता, आणि त्याला आता पाण्यात पुरता बुडवायचीही गरज पडत नव्हती.

शेवटची मॅच आली तेव्हा हिशोब सोपा झाला होता. समोर मनामाचा संघ, थोराड, जडशीळ गड्यांचा. शमालला नुसती बरोबरी पुरे होती. शमालची सगळी मदार वेगावर. यारी सुटला की त्याला धरणारं लीगमध्ये कोणी नव्हतं. मात्र त्याला बर्फ हवा कडक. कोच डग आदल्या दिवशी मशीनरूमच्या दारात येऊन दगडासारखा बर्फ दे, असं बजावून गेला होता, आणि जाता जाता गुणवंतच्या खांद्यावर थोपटून गेला होता.

शुक्रवारी सकाळी गुणवंतने तापमान दोन अंशांनी वर नेलं.

हमीदने काटा पाहिला. मशीनवरचा ताण कमी करतोय, असं गुणवंतने त्याला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. मशीनवर ताण होताच. अर्धं खरं बोलण्यात माणसाला केवढा आधार मिळतो, हे गुणवंतला त्या दिवशी कळलं.

दुपारी स्टँड्स भरले. माणसांची ऊब, सारखे उघडणारे दरवाजे, आणि खाली मऊ पडलेला बर्फ. पहिल्या सत्रानंतरच त्यावर ओलसर साय धरली. रबराची चकती घसरायची सोडून मध्येच अडकू लागली. यारी तीनदा सुटला आणि तिन्ही वेळा वळताना त्याचं पातं बर्फात रुतलं. मनामाच्या जडशीळ गड्यांना काही फरक पडत नव्हता. ते आपले ढकलत, रेटत पुढे येत राहिले. शेवटची मिनिटं उरली असताना त्यांनी तिसरा गोल केला. शमालचे दोनच होते.

ईश्वरी आईच्या ओढणीत तोंड खुपसून रडली. हमीद खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. डग बर्फावर गेला, वाकला, नखाने थोडा बर्फ खरवडून बोटांत चुरला. मग त्याने मान वर करून मशीनरूमच्या काचेकडे पाहिलं. गुणवंत काचेमागे उभा होता. तो हलला नाही. शरमेने कान तापले होते, तरी छातीवरचं ओझं उतरलं होतं. सुटलो, असं त्याला वाटलं. पोरं सुटली.

शनिवारी तो वालावलकरांकडे गेला. काम कसं करायचं हे त्याने रात्रीच मनात मांडून ठेवलं होतं: आधी बर्फ, मग पाणी, मग चिलर. वालावलकर दाढी न करता आले होते. चहा सांगितला नाही.

"टीम खलास," ते म्हणाले. "अरबाबनी रात्रीच फोन केला. खेळाडूंची तिकिटं काढायला सांगितलीत. रिंकमध्येच त्यांचा इंटरेस्ट गेलाय. जूनपासून इथे फर्निचरचं शोरूम."

"आणि चिलर?"

"कुठला चिलर?" वालावलकर थकलेल्या आवाजात म्हणाले. "अहो, पहिल्या चारात आलो असतो तर सेमीफायनल अबू धाबीला होती. चौथा नंबर बाहेरच खेळतो. तेवढ्या दिवसांत इथे नवा चिलर टाकायचं मी अरबाबकडून कबूल करून घेतलं होतं. मॅच जिंकली की सांगणार होतो तुम्हाला. आता जूनपर्यंतच्या रिंकवर कोण खर्च करतो?"

इतक्या वर्षांत गुणवंतने या खेळाचे नियम कधी कोणाला विचारले नव्हते. बर्फ आपला, खेळ त्यांचा, एवढंच त्याला ठाऊक. चौथा नंबर कुठे खेळतो हे शहनाझने सांगितलं असतं, हमीदने सांगितलं असतं. घरी ईश्वरीनेसुद्धा सांगितलं असतं.

मग ठीक, आजच मशीन बंद करतो, असं तो म्हणाला. वालावलकरांनी मान हलवली. तेही होणार नव्हतं. बकरी ईद आणि शाळांची वार्षिक सुट्टी एकाच वेळी आली होती. पुढच्या शनिवारपासून मुलांचा स्केटिंग कॅम्प, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रोज. सगळ्या जागा भरल्या होत्या.

"मी मशीन चालवणार नाही," गुणवंत म्हणाला.

वालावलकर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की शारजाचा एक ऑपरेटर उद्यापासून यायला तयार आहे. त्याला वास-बिस काही येत नाही. गुणवंतचा पासपोर्ट कंपनीकडे होता, व्हिसा कंपनीचा. रद्द झाला तर महिन्याभरात ईश्वरीला शाळेतून काढून गाशा गुंडाळायचा, आणि वर सहा महिने दुबईत परत यायला बॅन. सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे तिथल्या अग्निशमनवाल्यांना, फोन करायचा विचार गुणवंतच्या मनात आला. फोन कोणी केला हे संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळलं असतं. लिटमसचे कागद इमारतीत एकाच्याच खिशात असायचे.

"तुम्ही आहात म्हणून तर मी निर्धास्त आहे," वालावलकर म्हणाले. "दोन महिने काढलेत ना? अजून थोडे. इन्शाल्ला काही होत नाही."

गुणवंत खाली आला. त्या नवख्या माणसापेक्षा आपण असलेलं बरं, असं त्याने स्वतःला समजावलं. आपलं निदान लक्ष तरी राहील. हेही अर्धं खरं होतं.

आठवडाभर तो घरी धड जेवला नाही. शुक्रवारी संध्याकाळी मात्र तो सुलक्षणाला म्हणाला, की ईश्वरीला उद्या कॅम्पला पाठवायचं नाही. तिचा घसा लाल दिसतोय.

सुलक्षणा भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "घसा चांगला आहे तिचा," ती म्हणाली. "तुमच्या शर्टांना वास येतोय, जानेवारीपासून. दोन-दोनदा धुते मी. काय आहे ते?"

त्याने सांगितलं. सगळं नाही, तापमानाचं तो गाळून गेला. सुलक्षणाने ऐकलं, आणि तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. सुचित्राला काय सांगू, असं तिने विचारलं. सुचित्रा आणि निनाद समोरच्या फ्लॅटमधले. त्यांच्या पर्णिकाचं नाव त्यांनी कॅम्पात घातलं होतं ते ईश्वरी जाणार म्हणूनच. गुणवंत म्हणाला, काही सांगू नकोस. एकीला सांगितलं की अख्ख्या बिल्डिंगला कळणार, मग ऑफिसला. तेवढ्यात ईश्वरी दारात येऊन उभी राहिली. तिने अर्धवटच ऐकलं होतं.

"बट पपा," ती म्हणाली, "एव्हरीवन इज गोइंग टू बी देअर."

सुलक्षणा पुन्हा भाजी निवडू लागली, आणि जरा वेळाने नुसत्या देठांकडे बघत बसली. त्यानंतर नवराबायको एकमेकांशी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

सकाळी गुणवंत पार्किंगमध्ये उतरला तर गाडीपाशी सुचित्रा उभी, शेजारी पर्णिका, खांद्यावर नवी कोरी बॅग. ईश्वरी येत नाही हे सुलक्षणाने रात्री फोनवर कळवलं होतं, घसा लाल आहे म्हणून. त्याची चौकशी करून सुचित्रा म्हणाली, की निनाद पहाटेच रास अल खैमाला साइटवर गेलाय, आणि टॅक्सीत एकटीला बसवायला जीव होत नाही.

"तुम्ही जाताच आहात, भावोजी, तर हिला सोडाल ना?" ती म्हणाली. "तुम्ही तिथे असलात की मला कसली काळजी नाही."

गुणवंतने तोंड उघडलं. सुचित्रा हसून बघत होती. वर, तिसऱ्या मजल्यावर, सुलक्षणा गॅलरीत आली होती; तिने खाली पाहिलं आणि ती आत गेली. त्याने पुढच्या सीटवरचा डबा उचलून मागे ठेवला.

पर्णिका चढून बसली. बॅग मांडीवर घट्ट धरल्यामुळे तिला सीटबेल्ट लावता येईना. गुणवंतने वाकून तो तिच्यासाठी लावला, नीट बसलाय ना म्हणून एकदा ओढून पाहिला, आणि गाडी काढली.