धाकटीचं गवत

"घमेलं खाली ठेव," गवताच्या तुकड्याच्या तोंडाशी आडवी उभी राहून ताई म्हणाली.

"नाही ठेवत." धाकटीने युरियाची मूठ भरली आणि ताईला ओलांडून पलीकडे फेकली.

दोघी बहिणी, दोघी बिनलग्नाच्या. आईवडिलांमागे गोठा त्यांनीच चालवला. पूर्वी भाऊ घरात होता तेव्हा त्याने एकदा याच गवताला पोत्याने खत घातलं आणि आठवड्याच्या आत कापून गायींना टाकलं. कोवळ्या गवतात खताचं विष उतरलेलं होतं; दुपारपर्यंत चार गायी मेल्या. त्यांच्या काळ्यानिळ्या पडलेल्या हिरड्या ताई विसरली नव्हती. भाऊ घर सोडून गेला. ताईने खताचं नाव घेणंच सोडलं.

त्यानंतर वर्षानुवर्षं गवत कापलं गेलं, जमिनीला परत काही मिळालं नाही. शेणसुद्धा चुलीत जाई. गवत पिवळं, काडीसारखं झालं. गायी पोटभर खात आणि तरी वाळत चालल्या होत्या. तांबडी गाय बसली की तिला उठवायला दोघींना जोर लावावा लागे.

"पोट भरतंय ना त्यांचं?" ताई म्हणे.

"चिंध्या कोंबल्या तरी पोट भरतं. अंगाला काय लागतंय?"

धाकटीने अर्ध्याच तुकड्यात, हात राखून खत टाकलं. पाणी दिलं. दोघींचं बोलणं बंद झालं. गवत गुडघ्याच्या वर, हिरवंगार आलं, तरी खताचं विष गवतातून उतरेपर्यंत तिने विळा लावला नाही. ढगाळ दिवस सरून चांगलं ऊन पडलं, तेव्हा एका सकाळी तिने, रिकाम्या पोटी हिरवं बाधू नये म्हणून, तांबडीला आधी सुका चारा घातला आणि मग हिरवा भारा उचलून आणला.

ताई गव्हाणीपुढे उभी. "तिला काही झालं तर?"

"तर मी या घरात राहणार नाही. पण खायला घालून उपाशी मारणं माझ्याच्याने होणार नाही. हो बाजूला."

ताई हलली नाही. धाकटीने तिच्या खांद्यावरून भारा आत ढकलला. गायीने असं काही तोंड घातलं की ताईला सरकावंच लागलं.

मग ताई तिथेच बसून राहिली. जेवायलाही उठली नाही. सारखी गायीचा ओठ वर करून हिरड्या बघे. गुलाबी. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला धाकटी धारेची भांडी घासत होती. एकच भांडं पुन्हा पुन्हा.

संध्याकाळी गाय खाली बसली. ताईने पुन्हा तिचा ओठ वर केला. गायीने डोळे अर्धवट मिटले आणि रवंथ सुरू केलं.

"एका दिवसाने मी मानणार नाही," ताई म्हणाली.

"नको मानूस. उद्याही कापणार आहे."

"सुकं आधी घालशील?"

"घालीन."

ताईने गायीच्या फासळ्यांवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.