बारशाच्या आधी

मी वेणूबाई. तुर्भ्यातल्या आमच्या बचत गटाची अध्यक्ष, आणि तोंडाची फटकळ. माझ्या मागं बायका मला 'फौजदारीण' म्हणायच्या. म्हणू देत. पंच्याण्णव साली गटानं आजारपणाचा विमा सुरू केला, तो माझ्याच तोंडाच्या जोरावर. माणशी वर्षाची वर्गणी भरायची, आणि कुणी आजारी पडलं की शिरवण्याच्या दवाखान्यात डिपॉझिट न भरता दाखल करायचं. यादीत नाव पाहिजे, बास.

एकदा गटातल्या प्रेमलानं भाचीला आपली लेक म्हणून दवाखान्यात नेलं. भर बैठकीत मी तिची बिनपाण्यानं केली, आणि ठरावच केला: यादीत नाव नाही, त्याला विमा नाही. दवाखान्याला तसं पत्र दिलं, खाली माझी सही.

पुढं माझ्या सुनेला, मंजुषाला, मुलगी झाली. पहिली नात! काय आनंद झाला होता मला. आठव्या दिवशी पोरीचं अंग तापलं, दूध ओढंना.

"आत्याबाई, यादीत नाव घाला, आपण दवाखान्यात जाऊ," मंजुषा म्हणाली.

"बारशाच्या आधी नाव? आपल्यात घालत न्हाईत. काय इपरीत झालं म्हंजे?"

"मग धोंडी लिवा, दगडी लिवा. कायबी लिवा, पण लिवा!"

"कागदावर खोटं नाव? अगं, प्रेमलाला एवढं बोलले, आता तिला तोंड कसं दावू? चार दिस कळ काढ."

वेखंड उगाळलं, धुरी दिली, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दहाव्या दिवशी सकाळी पोरीनं डोळे फिरवले आणि माझी पाचावर धारण बसली. रिक्षा करून दवाखाना गाठला.

"पेशंटचं नाव?" खिडकीतल्या बाईनं विचारलं.

मंजुषा ओरडली, "ज्ञानेश्वरी!" मनात ठरवून ठेवलं होतं तिनं.

बाईनं यादीवरून बोट फिरवलं. "नाही हो मावशी. डिपॉझिट भरा, नायतर सरकारी दवाखान्यात न्या. तुमच्याच गटाचं पत्र आहे." माझी सही तिनं मलाच दाखवली.

कनवटीला रिक्षापुरते पैसे होते. वाशीच्या सरकारी दवाखान्याच्या वाटेवर, मंजुषाच्या मांडीवरच पोर गेली. मी मारलं तिला. दुसरं कुणी काही म्हणो.

पुढच्या बैठकीत नवा ठराव मीच मांडला: बाळ जन्मलं की त्याच दिवशी आईच्या नावानं लिहायचं, 'अमकीचं बाळ' म्हणून. बायकांनी मुकाट्यानं अंगठे दिले. एकीनंही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. प्रेमला तर माझा हात धरून रडली.

मंजुषा सगळ्यात शेवटी आली. सही केली आणि पेन माझ्यापुढं ठेवलं.

"माझं पयलं लिवा, आत्याबाई. मंजुषाचं बाळ. एवढंच लिवायचं हुतं."