दहातला एक

डिस्क भरत आली, नोंदी कमी करा, एवढंच साहेब म्हणाले होते. कारखान्यातल्या मोठ्या पंपाच्या थरथरीचे सेकंदाला दहा हजार नमुने साठत होते. नोंदी सांभाळणाऱ्या इंजिनियरने ते हजारावर आणले. दहातला एक ठेवायचा, नऊ फेकायचे. त्याआधी आकड्यांना गाळणी, म्हणजे फिल्टर, लावून वेगवान थरथर काढून टाकायची असते, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण जेवणाची सुट्टी झाली होती. गाळणी काय, उद्या लावू. कसलं उद्या आणि कसलं काय, ती राहिली ती राहिलीच.

महिन्याभराने पंप फुटला. शेजारी उभा असलेला फिटर जागच्या जागी गेला. पंप चालवत होते इंजिनियरचे भाऊजी, त्याच्या ताईचे यजमान; बावीस वर्षं त्या पंपाला पोटच्या पोरासारखं जपलेला माणूस.

चौकशी समितीने आलेख मांडला. फुटण्याआधी तीन दिवस संथ, ठळक हिसके. म्हणजे चालवणाऱ्याने व्हॉल्व्ह आडदांडपणे उघडबंद केला, आणखी काय? आलेख बघताच इंजिनियरने ओळखलं. हिसके नव्हतेच ते. झिजलेलं बेअरिंग सेकंदाला हजाराहून थोड्या जास्त वेळा थरथरत होतं, आणि इतक्या विरळ नमुन्यांत ती थरथर संथ होऊन उतरली होती. ट्यूबलाइटखाली भरधाव पंखा कधी हळू फिरताना दिसतो, तशी. गाळणी असती तर निदान सपाट रेघ आली असती. आता कागद धडधडीत खोटं बोलत होता, आणि बोलायला यानेच शिकवलं होतं.

त्याने सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

"मूळ नोंद दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

"ती साठवलीच नाही."

"आणि हे तुमच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. बसा तुम्ही."

भाऊजी बाहेर बाकावर बसले होते. तो त्यांच्याजवळ गेला. "भाऊजी, चूक माझी आहे. तुमचा काही दोष नाही."

"माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतंस रे. मला हिसके दिल्याचं आठवत नाही. पण यंत्राने लिहून ठेवलंय ना? दिलेच असणार मी."

"यंत्र चुकलंय. ताईची शपथ."

त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वर त्यालाच धीर देत होते, कर्म त्याचं.

"आलेख त्यांनी मला कालच दाखवला होता. सकाळी फिटरच्या घरी जाऊन आलो," ते म्हणाले. "त्याच्या आईला सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला."